पुठ्ठ्यावरची माणसे

गेल्या हिवाळ्यात काही महिने न्यू जर्सीत मुलीकडे राहिलो होतो. बाहेर बर्फ पडू लागले म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला खिडकीशी बसून राहण्यापलीकडे फारसा उद्योग उरत नाही. अशाच एका संध्याकाळी माझा दहा वर्षांचा नातू बुटांचे एक रिकामे खोके घेऊन आला आणि त्यातली कार्डे माझ्यासमोर गालिच्यावर ओळीने मांडू लागला. ती बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रे होती. मूळ कार्डे १९५२ सालची. याच्याजवळ होत्या त्या पुढे पुन्हा छापलेल्या नकला, खाऊच्या पैशांत मिळणाऱ्या. त्यांतली दोन त्याने शेजारी शेजारी ठेवली. एकावर निळ्या पार्श्वभूमीवर खांद्यावर पिवळी बॅट घेतलेला, दूर कुठेतरी पाहणारा एक कोवळा गोरा तरुण होता. दुसऱ्यावर लाल पार्श्वभूमीवर हसणारा एक कृष्णवर्णीय गृहस्थ होता.

"आजोबा," तो आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "हा तीनशे अकरा नंबर, मिकी मॅन्टल. हा तीनशे बारा, जॅकी रॉबिन्सन. खरं कार्ड घ्यायचं तर अकराला खूप म्हणजे खूपच पैसे पडतात. बाराला तेवढे नाही पडत. मग अकरावाला जास्त चांगला होता का?"

मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. दोन आकड्यांतला मोठा कोणता, हे सांगणे माझ्या हातचा मळ. परंतु त्या संध्याकाळी मला उत्तर देता आले नाही. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि मग खरोखरच त्या प्रश्नाच्या मागे लागलो. त्या शोधात जे हाती आले ते दिवाळीच्या या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे. लहान मुलाचा प्रश्न मोठ्या माणसाला किती लांब नेऊ शकतो, याचा प्रत्यय त्यात कदाचित येईल.

आधी ही कार्डे म्हणजे काय ते सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सिगारेटवाल्यांनी पाकीट चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालायला सुरुवात केली. पुठ्ठा कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर नट्या, पक्षी, झेंडे आणि बेसबॉलचे खेळाडू आले. पुढे तंबाखूची जागा चघळायच्या गोंदाने, म्हणजे च्युइंगमने घेतली आणि गिऱ्हाईकही बदलले. मोठ्यांऐवजी मुले आली. १९५२ साली ब्रुकलिनच्या टॉप्स नावाच्या कंपनीने ४०७ कार्डांची मोठी मालिका काढली. पुढे रंगीत चित्र आणि सही, मागे खेळाडूची थोडक्यात माहिती, त्याच्या गेल्या वर्षाचे आकडे आणि एकंदर कारकीर्दीचे आकडे. आज जिला लोक या छंदाची गंगोत्री मानतात ती हीच मालिका.

मुले या कार्डांचे काय करीत? जे आम्ही काडेपेटीच्या छापांचे करीत असू तेच. देवाणघेवाण करीत, भिंतीशी फेकून जिंकीत आणि हरत, रबर लावून खिशात कोंबीत. सायकलच्या तारांत अडकवून फडफड आवाजही काढीत. मग मुले मोठी होऊन कॉलेजात किंवा सैन्यात जात आणि घर आवरताना आई सगळा पसारा बाहेर फेकून देई. आमच्या आईनेही माझे छाप एका नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंबात घातले होते. जगातल्या सर्व आया या बाबतीत एकाच पंथाच्या असाव्यात. आज त्या कार्डांना जी किंमत आली आहे तिच्यात या मातांचा वाटा फार मोठा आहे.

आता आमचे तीनशे अकरा आणि तीनशे बारा. मॅन्टलच्या त्या कार्डाची एक अत्यंत चांगल्या अवस्थेतील प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे शंभर कोटी रुपये होतात. मॅन्टल अठरा हंगाम खेळला आणि त्याचा पगार फार तर वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत गेला. म्हणजे त्याने सबंध आयुष्यात घाम गाळून जे मिळवले त्याच्या कितीतरी पट पैसे त्याच्या तळहाताएवढ्या चित्राला मिळाले आणि ते मिळाले त्याला जाऊन सत्तावीस वर्षे झाल्यावर. रॉबिन्सनचे कार्डही स्वस्त नाही. पण मॅन्टलच्या जवळपासही ते पोचत नाही.

पहिला तर्क असा होतो की मॅन्टलचे कार्ड दुर्मिळ असेल. तसे अंशतः आहे. मालिकेचा शेवटचा भाग, ३११ पासून ४०७ पर्यंतचा, हंगाम सरत आल्यावर दुकानांत पोचला. मुलांचे लक्ष तोवर दुसऱ्या खेळांकडे गेले होते. माल पडून राहिला. शेवटी १९६० साली कंपनीच्या साय बर्गर यांनी खोक्यांच्या राशी तराफ्यावर घालून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक समुद्रात बुडवून टाकल्या, असे त्यांनीच पुढे सांगितले. परंतु येथे एक मेख आहे. त्या शेवटच्या भागात तीन कार्डे इतरांच्या दुप्पट छापली गेली होती: ३११, ३१२ आणि ३१३. म्हणजे मॅन्टल आणि रॉबिन्सन एकाच कागदावर, एकाच वेळी, सारख्याच संख्येने छापले गेले आणि सारख्याच संख्येने समुद्रात गेले. दुर्मिळतेच्या तराजूत दोघे समान. तेव्हा फरक अन्यत्र शोधायला हवा.

मग मी खेळाकडे वळलो. बेसबॉलमध्ये फटके मारणाऱ्याची सरासरी हजाराच्या मापाने सांगतात. हजार संधींपैकी तीनशे वेळा ज्याचा फटका यशस्वी होतो तो उत्तम खेळाडू. दहांत सात वेळा अपयश आले तरी ज्यात माणूस थोर ठरतो असा हा खेळ. नुसत्या या हिशेबासाठीही तो आपल्या शाळांत शिकवावा. मॅन्टलची सरासरी २९८. रॉबिन्सनची ३१० च्या वर. येथे रॉबिन्सन पुढे. परंतु चेंडू थेट मैदानाबाहेर धाडण्याचा जो पराक्रम, ज्याला होम रन म्हणतात, ते मॅन्टलने ५३६ मारले. रॉबिन्सनने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. येथे मॅन्टल कितीतरी पुढे. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मॅन्टलला तीनदा मिळाला, रॉबिन्सनला एकदा. गणिताच्या मास्तराला आता उत्तर सापडल्यासारखे वाटले.

पण आकडे मांडताना एक आकडा नजरेतून सुटत नव्हता. मॅन्टल मेजर लीगमध्ये पहिला सामना खेळला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. रॉबिन्सन अठ्ठावीस वर्षांचा. ही नऊ वर्षे कुठे गेली?

ती त्याने गमावली नव्हती. मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला घेण्याची प्रथाच नव्हती. नियमांत कुठे लिहिलेले नव्हते, पण सर्व मालकांना ते ठाऊक होते. आपल्याकडची विहीर जशी पाटी न लावताही बंद असे, तसे ते दार बंद होते. रॉबिन्सन कॅलिफोर्निया विद्यापीठात चार-चार खेळांत चमकलेला. सैन्यात अधिकारी असताना १९४४ साली बसमध्ये मागे जाऊन बसायला त्याने नकार दिला, त्यावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. असा हा माणूस १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सच्या वतीने मैदानात उतरला तेव्हा त्याला आधीच बजावण्यात आले होते, की शिव्या आल्या तरी उलट बोलायचे नाही, चेंडू अंगावर आला तरी हात उचलायचा नाही. ज्याने बसमध्ये मान तुकवली नाही त्याने हे व्रत पाळले. त्या पहिल्या हंगामाचा त्याचा आकडा आहे हजारांत २९७. तो आकडा कोणत्या वातावरणात जमला हे कार्डाच्या मागे छापलेले नाही आणि छापता येण्यासारखेही नाही.

म्हणून मॅन्टलला कमी लेखावे, असे मात्र नाही. त्याचीही कथा पुठ्ठ्यावर मावणारी नाही. ओक्लाहोमातील एका खाणकामगाराचा तो मुलगा. १९५१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क यांकीजने त्याला अपयशी ठरवून खालच्या लीगमध्ये कॅन्सस सिटीला परत पाठवले. तेथेही फटका लागेना. त्याने वडिलांना फोन केला, की मला हे जमणार नाही. वडील आले. मुलाला वाटले, ते पाठीवरून हात फिरवतील. वडिलांनी त्याचे कपडे बॅगेत भरायला सुरुवात केली आणि म्हणाले, चल, माझ्याबरोबर खाणीत कामाला लाग. पोरगा रडला आणि थांबला. महिन्याभराने तो पुन्हा यांकीजमध्ये होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात मैदानातील पाण्याच्या मोरीच्या झाकणात पाय अडकून त्याचा गुडघा निकामी झाला. उरलेली सतरा वर्षे तो त्या गुडघ्यावर खेळला. पुढच्या मे महिन्यात वडील वारले.

आता पाहा, आमचे तीनशे अकरा नंबरचे कार्ड याच सुमाराचे आहे. त्याच्या मागच्या बाजूला मॅन्टलच्या एकाच हंगामाचे आकडे आहेत: सरासरी २६७, होम रन १३. अगदीच बेताची कामगिरी. ५३६ होम रन, तीन वेळचा सर्वोत्तम खेळाडू, सात विश्वविजेतेपदे, यांतले बहुतेक सर्व पुढे घडायचे होते. कंपनीला ते ठाऊक नव्हते, मुलांना ठाऊक नव्हते, खुद्द त्या वीस वर्षांच्या पोरालाही नव्हते. कार्ड माणसाच्या वाटेत कुठेतरी मध्येच छापले जाते. ते त्याच्या त्या दिवसापर्यंतचे खरे सांगते आणि मग मुके होते. पण ज्याच्या हाती ते कार्ड असते तो मात्र ते वाचून माणसाचा निवाडा करून मोकळा होतो.

याच मालिकेतली आणखी दोन कार्डे मला नातवाने दाखवली. ३१३ नंबरवर बॉबी थॉमसन. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्क जायंट्ससाठी त्याने शेवटच्या क्षणी असा एक फटका मारला की हातून गेलेली स्पर्धा संघाने जिंकली. अमेरिकेत त्या फटक्याची आठवण अजून काढतात. तो चेंडू ज्याच्या डोक्यावरून भिंतीपलीकडे गेला, जो मान वर करून नुसता पाहत राहिला, तो डॉजर्सचा खेळाडू अँडी पॅफ्को. सतरा हंगाम इमानेइतबारे खेळलेला, दोनशेहून अधिक होम रन मारलेला सज्जन खेळाडू. टॉप्सने त्या मालिकेत पहिला नंबर दिला तो याला. मुले कार्डे नंबराप्रमाणे लावून रबर गुंडाळीत. रबर काचायचे ते पहिल्या कार्डाला, घामट हात लागायचे ते पहिल्या कार्डाला. त्यामुळे पॅफ्कोचे चांगले राहिलेले कार्ड मिळणे फार कठीण झाले आणि १९९८ साली त्याची एक निर्दोष प्रत ८० हजार डॉलरच्या वर गेली. त्याच्या कारकीर्दीमुळे ही किंमत आली नाही. त्याच्या वाट्याला आलेल्या रबराच्या काचामुळे आली.

एकदा असे पाहू लागल्यावर गमतीच गमती दिसू लागल्या. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून पाचशेहून अधिक निरनिराळी कार्डे वाटली. त्यांत शेरी मॅगी नावाचा एक उत्तम फलंदाज आहे. १९१० साली आपल्या लीगमध्ये तो सरासरीत पहिला आला होता. त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात छापणाऱ्याने एका अक्षराची चूक केली. चूक लवकर सुधारली गेली. आज सुधारलेल्या कार्डाला थोडे पैसे पडतात आणि चुकलेल्या कार्डाला भरमसाट. त्याच मालिकेत जो डॉयल हा एक सामान्य गोलंदाज आहे. न्यूयॉर्कच्या दोन संघांत दोन डॉयल होते, म्हणून याच्या नावाखाली चुकून दुसऱ्या लीगचे नाव पडले. त्या चुकीच्या कार्डाच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि त्या मालिकेतल्या कितीतरी थोर खेळाडूंच्या कार्डांपेक्षा त्या महाग आहेत. गुणी माणसाला बाजूला सारून मुद्राराक्षसाला हार घालणारा असा हा बाजार आहे.

याच मालिकेत या छंदाचा मेरुमणी आहे. होनस वॅग्नर. पेनसिल्व्हेनियातील जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा खेळाडू आठ वेळा आपल्या लीगमध्ये सरासरीत पहिला आला. १९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात ज्या पहिल्या पाच जणांची निवड झाली त्यांत तो होता. त्याच्या कार्डाच्या साठाच्या आसपास प्रतीच आज ठाऊक आहेत. २०२२ साली त्यांतली एक साडेबहात्तर लाख डॉलरना गेली. इतक्या कमी प्रती का? कारण वॅग्नरने कंपनीला आपले चित्र वापरू दिले नाही. मुलांना सिगारेटची पाकिटे विकत घ्यावी लागू नयेत म्हणून, असे कोणी म्हणतात. कंपनी पैसे देत नव्हती म्हणून, असे कोणी म्हणतात. तो स्वतः तंबाखू खाई, हेही खरे. पण १९१२ साली एका क्रीडासाप्ताहिकात छापून आलेली हकीकत अशी, की त्याची परवानगी मिळवून देण्यासाठी कंपनीने पिट्सबर्गच्या एका क्रीडालेखकाला दहा डॉलर देऊ केले होते. वॅग्नरने त्या लेखकाला नकाराचे पत्र लिहिले आणि त्याचे नुकसान नको म्हणून दहा डॉलरचा चेक सोबत जोडला.

मला हा चेक त्या कार्डाहून मोलाचा वाटतो. नकार देताना दुसऱ्याच्या खिशाला झळ बसू नये याची काळजी घेणारा माणूस त्यातून दिसतो. कार्डातून तो दिसत नाही. विचित्र गोष्ट अशी, की ज्या गोष्टीला त्याने नाही म्हटले तीच आज त्याच्या नावाने सर्वांत महाग झाली आहे. आणि ती तरी निर्मळ राहिली आहे काय? वॅग्नरच्या कार्डाची एक प्रत जगात सर्वांत सुंदर म्हणून गाजली. कार्डांच्या अवस्थेला एक ते दहा असे गुण देणारी एक संस्था १९९१ साली निघाली. तिने पहिले गुण दिले ते या प्रतीला, दहांपैकी आठ. पुढे २०१३ साली ती प्रत पूर्वी विकलेल्या दलालाने न्यायालयात कबूल केले, की तिच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या. ज्या कार्डापासून गुण देण्याची रीत सुरू झाली ते पहिलेच कार्ड कातरलेले निघाले!

या पिट्सबर्ग शहराची आणखी एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वॅग्नर उतारवयात तेथील संघाचा मार्गदर्शक होता त्याच काळात, त्याच शहरात, कृष्णवर्णीयांच्या संघातून जॉश गिब्सन खेळत होता. त्याच्या फटक्यांची वर्णने पुराणातल्या कथांसारखी सांगितली जात. तो २० जानेवारी १९४७ रोजी वारला, पस्तिसाव्या वर्षी. रॉबिन्सन मैदानात उतरायला अजून तीन महिनेही होते ना होते. तो खेळत असताना अमेरिकेतील सिगारेटवाल्यांनी किंवा गोंदवाल्यांनी त्याचे कार्ड काढले नाही. पुढे २०२४ साली मेजर लीगने कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले आणि एका सकाळी सर्वकालीन सरासरीच्या यादीत अग्रभागी नाव आले ते जॉश गिब्सनचे, ३७२. आकडा सत्याहत्तर वर्षांनी का होईना, दुरुस्त करता आला. पण एखाद्या पोराने आपल्या खिशात ते चित्र बाळगून शाळेत जावे, ही गोष्ट आता मागे जाऊन दुरुस्त करता येणार नाही. बाजारात त्या न छापलेल्या कार्डाला किंमत नाही. ती रिकामी जागा हाच त्याचा पुरावा.

मग मॅन्टलचे कार्ड इतके महाग का? मला वाटते, याचे उत्तर मॅन्टलपाशी नाहीच. ते घेणाऱ्यांपाशी आहे. पन्नाशीच्या दशकात जी मुले दहा-बारा वर्षांची होती त्यांपैकी पुढे श्रीमंत झालेल्या असंख्यांना लहानपणी मिकी मॅन्टल व्हायचे होते. आईने फेकून दिलेले ते स्वप्न त्यांना परत हवे होते, आणि आता ते विकत घेण्याची ऐपत आली होती. यात हसण्यासारखे काही नाही. मला उद्या कोणी माझे बंबात गेलेले छाप आणून दिले तर मीही पेन्शनीतले पैसे मोजीन. परंतु हे ओळखून असावे की किंमत सांगते ती आपल्या हव्यासाची गोष्ट. त्या काळी कोणत्या पोरांच्या हाती पुढे पैसा येणार होता आणि त्यांना कोणासारखे व्हावेसे वाटत होते, हेही तीनशे अकरा आणि तीनशे बारामधल्या अंतराने सांगितले आहे. ते अंतर त्या दोन खेळाडूंमधले नाही.

कोणी म्हणेल, मग तुलना करूच नये की काय? तसे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. खेळ म्हणजेच तुलना. कोण अधिक वेगाने धावला, कोणाचा चेंडू लांब गेला, हे मोजल्यावाचून खेळ उरत नाही. आणि मुलांना त्यात जो आनंद मिळतो तो निर्मळ आहे. फटक्यांत मॅन्टल मोठा, हे म्हणायला हरकत नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. 'हे काम याचे अधिक चांगले' येथून 'हा माणूस अधिक मोठा' येथे आपण नकळत घसरतो. आणि 'याला अधिक पैसे पडतात' येथून तर एका उडीत. आपल्या भाषेत किंमत आणि मोल असे दोन शब्द आहेत. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण ज्याची किंमत करता येत नाही त्याला आपण अनमोल म्हणतो, हे भाषा विसरलेली नाही.

हे सगळे लिहीत असताना मला स्वस्थ बसवत नाही, कारण मीही आयुष्यभर कार्डेच लिहिली आहेत. शाळेतले प्रगतिपुस्तक म्हणजे दुसरे काय? पुढे नाव, मागे आकडे. चौतीस वर्षांत अशी कितीतरी मी भरली. एक मला अजून आठवते. मुंबईतल्या चाळीत राहणारा, सातवीतला मुलगा. भूमिती: शंभरांपैकी २७. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले, 'लक्ष नाही. वर्गात झोपतो.' अक्षर न अक्षर खरे होते. तो झोपतच असे. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. मग दुसऱ्या एका मुलाकडून कळले, की वडील अंथरुणाला खिळल्यापासून तो पहाटे चारला उठून दुधाच्या बाटल्या घरोघर पोचवीत असे आणि तेथून थेट शाळेत येत असे. पुढे त्याचे काय झाले मला ठाऊक नाही. मी शोधायला हवे होते, शोधले नाही. त्याचे माझ्यापाशी उरलेले सगळे चित्र म्हणजे ते २७ आणि माझा शेरा. रॉबिन्सनची नऊ वर्षे कुठे गेली हा प्रश्न मला या वयात पडला. त्या पोराच्या पहाटा कुठे जातात, हा प्रश्न मला माझ्या वर्गात पडला नाही.

मॅन्टल पुढे दारूच्या आहारी गेला. १९९५ च्या जूनमध्ये त्याच्या यकृताचे प्रत्यारोपण झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी, अगदी खंगलेल्या अवस्थेत, तो पत्रकारांपुढे आला आणि आपल्याकडे बोट दाखवून मुलांना म्हणाला, की माझ्यासारखे होऊ नका. त्याने लोकांना अवयवदान करण्याची विनंतीही केली. ऑगस्टमध्ये तो गेला. ज्याच्यासारखे होण्यासाठी एक पिढी झुरली तो स्वतःच्या कार्डाला असे उत्तर देऊन गेला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत कठीण फटका. आणि तो कोणत्याही सरासरीत धरलेला नाही.

या शोधात मला एक माणूस मात्र असा भेटला की ज्याने हे सगळे आधीच जाणले असावे. जेफर्सन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूजचा एक कारखान्यातला कामगार. अविवाहित, संधिवाताने बोटे वाकडी झालेला. अमेरिकेत निघालेल्या सर्व छापील कार्डांची पहिली पद्धतशीर सूची त्याने केली; आज वॅग्नरच्या मालिकेला जे नाव आहे ते त्याच्या सूचीतले. त्याने जमवलेली तीन लाखांहून अधिक कार्डे आणि चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकली, त्यांत तीस हजारांवर बेसबॉलची, आणि त्यांत एक वॅग्नरही. देऊन तो थांबला नाही. पंधरा वर्षे तो त्या दुखऱ्या बोटांनी एकेक कार्ड वह्यांत चिकटवीत राहिला. १० जानेवारी १९६३ रोजी शेवटचे कार्ड चिकटवून झाले, तेव्हा संग्रहालयातल्या लोकांना तो म्हणाला की मी आता येणार नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेला आणि दोन महिन्यांनी वारला.

आजच्या बाजाराच्या दृष्टीने त्याने भयंकर गोष्ट केली. गोंद लागलेल्या कार्डाची किंमत घसरते. परंतु त्याला ती विकायची नव्हती. त्याच्या वह्यांत कीर्तिमंदिरातला वीर आणि दोन हंगाम खेळून विस्मृतीत गेलेला कोणी एक, दोघे एकाच पानावर सारख्याच जागेत बसले आहेत. कोणी कोणाहून वर नाही. ज्याचे चित्र निघाले त्याला जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी नातवाला मी एवढेच सांगितले, की किंमत घेणाऱ्यांनी ठरवली आहे, खेळाडूंनी नाही. आणि हे दोघे कसे खेळले ते मी तुला रोज थोडे थोडे सांगेन. त्याला हे उत्तर पुरते पटले नसावे. त्याने दोन्ही कार्डे उलटी केली आणि मागचा बारीक मजकूर मला वाचून दाखवू लागला. थोडे वाचून तो थांबला आणि म्हणाला, "आजोबा, पण यात पुढचं काहीच नाही."

"नाही," मी म्हटले, "पुढचं अजून व्हायचं होतं."